दीडशे वर्षांच्या चर्चमधली बाकं काढावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची मुलगी इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात राहते. गावातलं पॅरिश चर्च, म्हणजे त्या वस्तीचं स्थानिक चर्च, १८६० च्या दशकातलं. चर्चच्या समितीला आतली लाकडी बाकं काढून खुर्च्या आणायच्या आहेत, म्हणजे मधल्या जागेत गावाचे कार्यक्रम करता येतील. मुलगी ख्रिस्ती नाही, पण गावच्या कामांत असते, म्हणून तिलाही मत विचारलंय. तिचं म्हणणं, ‘तेराव्या शतकातलं असतं तर हात लावू नका म्हटलं असतं, हे तर जुन्याची नक्कल, यात जपण्यासारखं काय?’ नेमकं काय बघायचं, हे तुम्ही मुंबईहून तिच्या वतीने विचारलं आहे.

संवर्धनाच्या कामात मी इंग्लंडमध्ये होतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ असल्याच चर्चेसमध्ये गेला. नावाजलेली कॅथेड्रलं कमी, गावोगावची पॅरिश चर्चेस जास्त. त्या अनुभवावरून आधीच सांगतो: बाकांचा निकाल चर्च किती जुनं आहे यावर लागत नाही. ती बाकं मूळ आराखड्यातली आहेत की नंतर कॅटलॉग बघून मागवलेली, यावर लागतो. आणि हे ओळखायचं तर व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, मंडळी चर्च बांधताना कशावरून भांडत होती ते माहीत हवं. कारण भांडण बाकांवरूनच होतं.

अठराव्या शतकातल्या इंग्लिश चर्चमध्ये बसायला बाकं नव्हती, खोके होते. छातीपर्यंत उंच लाकडी फळ्या, आत बसायच्या जागा, बाहेर दार आणि दाराला कडी. एकेका घराचा एकेक खोका, बऱ्याच ठिकाणी वर्षाचं भाडं भरून घेतलेला. गावच्या जमीनदाराच्या खोक्यात शेकोटीसुद्धा असायची. प्रवचनपीठ तीन मजली: खाली कारकून, मधे प्रार्थना वाचणारे धर्मगुरू, सगळ्यात वर प्रवचन. वेदी त्या डोलाऱ्यामागे कुठेतरी झाकलेली. गरिबांनी माळ्यावर चढायचं, नाहीतर मधल्या वाटेतल्या बाकड्यावर टेकायचं. कारखान्यांची शहरं फुगली तेव्हा तीही जागा पुरेना. १८१८ मध्ये पार्लमेंटने नव्या चर्चेससाठी १० लाख पौंड मंजूर केले. त्याच वर्षी चर्चबांधणीला अनुदान देणारी एक संस्थाही निघाली, आणि तिची अट होती की ठरावीक जागा कायमच्या मोफत ठेवायच्या.

त्या अटीची पाटी अनेक चर्चेसमध्ये अजून टांगलेली असते. मुलीला सांगा, पडवीत, मनोऱ्याखालच्या खोलीत, नाहीतर झाडू-बादल्या ठेवतात त्या कपाटामागे शोध. ‘अमुक साली इतकं अनुदान मिळालं, त्याबदल्यात इतक्या जागा कायमच्या मोफत’ अशा अर्थाचा मजकूर असतो. पाटी सापडली तर अर्धं काम झालं, कारण त्या संस्थेकडे आलेले नकाशे लंडनच्या लँबेथ पॅलेस ग्रंथालयात आहेत आणि पुष्कळ नकाशांत बाकांची मांडणी रांगेनिशी काढलेली असते. समितीतल्या कोणी ते बघितले नसण्याचीच शक्यता जास्त.

पुढे १८३९ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी कॅमडेन सोसायटी काढली. जॉन मेसन नील आणि बेंजामिन वेब ही त्यातली मुख्य नावं. विशीतली पोरं, पण तोंड असं की मुरलेले वास्तुविशारद त्यांच्या मासिकाला वचकून असत. त्यांची मागणी सरळ होती. खोके फोडा. सगळ्यांना सारखी, बिनदाराची, पूर्वेकडे तोंड केलेली बाकं द्या. वेदी सगळ्यांना दिसू द्या, आणि तिच्यासाठी चान्सल हा लांब, पायऱ्यांनी उचललेला वेगळा भाग बांधा. शैली साधारण चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, टोकदार कमानींची गॉथिक. पुढच्या तीसेक वर्षांत इंग्लंडमधली बहुतेक नवी पॅरिश चर्चेस या साच्यातून निघाली. जुनी चर्चेससुद्धा ‘दुरुस्ती’च्या नावाखाली याच साच्यात कोंबली गेली, ती इतकी की १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती असल्या दुरुस्त्यांना वैतागून. म्हणजे तेराव्या शतकातलं म्हणून दाखवतात त्या चर्चमध्ये शिरलात तरी बाकं, फरशी, रंगीत काचा पुष्कळदा तुमच्या मुलीच्या चर्चच्याच वयाच्या असतात. तिचा ‘जुनं ते खरं’ हा निकष तिथेही टिकत नाही.

यॉर्कशायरचा विषय निघालाच आहे तर लीड्सचं सांगायला हवं. तिथले व्हिकर, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, वॉल्टर हुक यांनी १८४१ मध्ये नवं पॅरिश चर्च उभं केलं, वास्तुविशारद चँट्रेल. झगे घातलेले गायक त्यांनी चान्सलमध्ये दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले. कॅथेड्रलात ही रीत होतीच, पण साध्या चर्चमध्ये गावातली मंडळी पश्चिमेच्या माळ्यावर फिडल नि बासून वाजवून गात. लीड्सची टूम गावोगाव पसरली. माळे उतरवले गेले, वाजवणारे घरी बसले, आणि त्यांच्या जागी ऑर्गन आला. त्याच्यासाठी चान्सलला खेटून, बहुतेक उत्तरेला, एक खोली काढायची पद्धत पडली. ऑर्गन दुरुस्त करणारे आजही या खोलीच्या नावाने बोटं मोडतात, कारण आवाज तिथेच घुटमळतो. पण चर्च व्हिक्टोरियन आहे का, किंवा व्हिक्टोरियन काळात त्यात हात घातला गेला का, हे ओळखायची ती एक पक्की खूण आहे.

आता मुलीला दारापासून वेदीपर्यंत सावकाश चालायला सांगा.

दार बहुधा दक्षिणेला, पश्चिम टोकाजवळ. आत शिरल्याशिरल्या बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. जागा मोकळी करायला निघालेल्या समितीचा डोळा पहिल्यांदा या कुंडावर जातो. ते हलवणं वाटतं तितकं सोपं नाही. खाली स्वतंत्र पाया असतो आणि पाणी थेट जमिनीत मुरवणारी नळी.

त्यानंतर खाली बघायचं. सतरंजी अंथरलेली असेल तर परवानगी घेऊन तिचा कोपरा उचलायचा. त्याखाली एन्कॉस्टिक फरशी असण्याची दाट शक्यता आहे. ही करायची रीत अशी: ओल्या लाल मातीच्या फरशीवर साचा दाबून नक्षीचा खोलगट ठसा उठवायचा, त्या खोलग्यात पांढरट मातीचं दाट कालवण ओतायचं, जरा सुकलं की वरचा थर पातीने खरवडून सपाट करायचा, मग भट्टीत भाजायचं. मध्ययुगातल्या मठांत ही कला होती, नंतर बुडाली. सॅम्युअल राइटने १८३० मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि स्टोकच्या हर्बर्ट मिंटनने त्यावर मोठा धंदा उभा केला. बऱ्याच चर्चेसना त्याने फरशा दानही दिल्या. नक्षी वरवर रंगवलेली नाही, ती मातीत चांगली खोल भरलेली आहे, म्हणून इतक्या पिढ्यांचे बूट घासूनही शाबूत असते. झिजते ती एकसारखी झिजत नाही: लाल माती नि पांढरी माती वेगवेगळ्या वेगाने खाली जातात. बोट फिरवलं तर नक्षीची कड हाताला लागते. फरशांच्या मांडणीतही क्रम आहे. दाराशी साध्या लाल-काळ्या, चान्सलच्या पायरीनंतर नक्षीच्या, वेदीपाशी सगळ्यात भारी, झिलईच्या. पैसा आणि पावित्र्य दोन्ही कुठे वाढत जातं ते पायाखालीच लिहिलेलं असतं.

मग बाकं. रांगेच्या टोकाची उभी फळी निरखून बघायची. ओक लाकूड असेल, टोकाला हाताने कोरलेली पानं-फुलं असतील आणि प्रत्येक टोकाची कोरणी वेगळी असेल, तर वास्तुविशारदाने स्वतः काढून दिलेलं काम असण्याचा संभव मोठा. पिवळसर तांबूस, दाट रेषांचं, वॉर्निशने चकाकणारं पिच पाइन असेल तर गोष्ट निराळी. हे लाकूड अमेरिकेच्या दक्षिण भागातून जहाजांनी येई, आणि लंडनचे कॉक्स अँड सन्स किंवा बर्मिंगहॅमचे जोन्स अँड विलिस अशा पेढ्यांच्या कॅटलॉगांत चर्चचं सगळं सामान, बाकांपासून पितळी गरुडाच्या पाठीवर बायबल ठेवायच्या स्टँडपर्यंत, छापील चित्रांसह मिळे. वाईट असतं असं नाही. सुतारकाम पुष्कळदा झकास असतं. पण तेच बाक आणखी शेकडो ठिकाणी असतं.

बाकांवर आणखी बारीकसारीक खुणा असतात, त्यांचे फोटो काढायला सांगा. टोकाला मुलाम्याचे अंक. नावाची चिठ्ठी सरकवायची छोटी पितळी चौकट, म्हणजे खोके गेले तरी भाडं चालूच राहिलं याचा पुरावा. पावसाळी देशाला शोभेल अशी छत्रीची आडवी कडी आणि खाली पाणी गळायला बिडाची तबकडी. सगळ्यांना सारखी जागा म्हणून सुरू झालेली चळवळ शेवटी कुठे येऊन ठेपली, ते या तबकड्यांत आणि चौकटींत दिसतं. एखाद्या चर्चमध्ये मागच्या तीन-चार रांगांची बाकं अरुंद आणि पुढची ऐसपैस असतात, तीही याच हिशेबातली.

चान्सलची पायरी चढताना आपल्याकडच्या माणसाला सभामंडपातून गाभाऱ्याकडे गेल्यासारखं वाटतं, आणि ते फारसं चुकीचं नाही, फक्त इथला गाभारा मुद्दाम उघडा आहे, सगळ्यांच्या नजरेत. मधे कोरीव पडदा असला तरी जाळीचा. वेदीचं कापड उचलून खाली काय आहे ते विचारा. लाकडी टेबल निघेल. केंब्रिजच्या मंडळींनी तिथल्या गोल चर्चमध्ये दगडी वेदी बसवली होती; तिथल्याच व्हिकरने हरकत घेतली, प्रकरण चर्चच्या कोर्टात गेलं आणि १८४५ मध्ये निकाल लागला की इंग्लंडच्या चर्चमध्ये वेदी म्हणजे हलवता येणारं लाकडी टेबलच. दगड म्हणजे रोमन कॅथलिक बळीची वेदी, असा तो वाद. त्यानंतर हौस भागवायची तर टेबलावरच्या भरतकामात आणि मागच्या कोरीव, रंगीत दगडी पडद्यात. म्हणून त्या दोन गोष्टींवर एवढा खर्च दिसतो. तो मागचा पडदा, गायकांची आसनं आणि फरशी हा एकाच हाताचा संच असेल तर त्याला कोणी हात लावता कामा नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

काचांबद्दल एकच सांगतो, नाहीतर लेख काचांचाच होईल. काही खिडक्यांत संतांचे झगे लखलखीत आणि चेहरे मात्र पुसट, डोळे-नाक गेलेले, असं दिसेल. हे कोणी दगड मारल्याने किंवा घासून धुतल्याने नाही. १८६० ते ७० च्या दशकांत चेहऱ्याच्या रेषांचा रंग लवकर वितळावा म्हणून त्यात टाकणखार घालत. दमट हवेत तो पाण्याला धरतो आणि रेषा सुटून जातात. ऐन नावाजलेल्या कारखान्यांच्या खिडक्यांनाही हा रोग आहे. अशा काचेला ओलं फडकं लावायचं नाही, हे चर्चच्या सफाईवाल्या मंडळींना मुलीने सांगितलं तरी मोठं काम होईल. खिडकीच्या कोपऱ्यात गव्हाच्या पेंढीचं छोटं चित्र दिसलं तर ती चार्ल्स केम्पच्या कारखान्याची, म्हणजे बहुधा शतकाच्या शेवटची, मागाहून बसवलेली.

तुम्ही मुंबईत आहात, तर हे सगळं न जाता बघण्याची सोय कुलाब्यात आहे. अफगाण चर्च, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. ते लष्कराचं स्मारक, पॅरिशचं नव्हे, पण साचा अगदी हाच. पायाभरणी १८४७, अभिषेक १८५८, आणि १९८ फुटी शिखर पुरं व्हायला १८६५ उजाडलं. आधी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा आला होता. तो खर्चामुळे बारगळला. (हाच स्कॉट पुढे मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचा.) मग काम आलं हेन्री कॉनिबेअरकडे, विहार तलावातून मुंबईला पाणी आणण्याची योजना आखणारा तोच. लांबलचक चान्सल बघा, ५० फूट लांब आणि २७ फूट रुंद, केंब्रिजवाल्यांच्या पोथीबरहुकूम. फरशीचा भौमितिक नमुना विल्यम बटरफिल्डचा आणि फरशा इंग्लंडहून आलेल्या. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या विल्यम वेल्सच्या. बटरफिल्ड त्याच सुमारास लंडनमध्ये मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स बांधत होता, १८५० ते १८५९; कॅमडेनवाल्यांची संस्था तोवर लंडनला हलून तिचं नाव बदललं होतं, आणि हे तिचं आदर्श चर्च. तिथे त्याने लाल विटांत काळ्या विटांचे पट्टे घातले, आत तर एक हात जागा नक्षीवाचून सोडली नाही. रंग फासायचा नाही, विटेत, दगडात, फरशीतच हवा, हे त्याचं तत्त्व. मला स्वतःला ते चर्च डोक्यावर येतं; पण त्यातली एक भिंत जरी कोणी पांढरी केली तरी सगळंच कोसळेल, हेही तितकंच खरं.

अफगाण चर्चच्या चान्सलच्या भिंतींवर सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांची नाहीत; ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही, असं तिथलाच लेख सांगतो. बसण्याच्या जागेवरून सुरू झालेला हिशेब मेल्यानंतरही चुकत नाही.

आता मुद्द्याचं. माझं मत विचाराल तर पिच पाइनची कॅटलॉगी बाकं असतील तर पश्चिमेच्या बाजूची काही काढायला हरकत नाही. तेवढ्या मोकळ्या जागेत गावाचे बहुतेक कार्यक्रम होतात. पुढचे दोन गट राहू द्यावेत, म्हणजे मांडणी वाचता येते. गायकांच्या आसनांना धक्का नको. आणि खुर्च्या आणायच्याच तर लाकडी, एकावर एक रचता येणाऱ्या, गादीच्या नकोत. इंग्लंडच्या चर्च बिल्डिंग्ज काउन्सिलचा सल्लाही गादीच्या खुर्च्यांविरुद्धच आहे. काही व्हिक्टोरियन वास्तुविशारदांनी पहिल्यापासून मुद्दाम साध्या खुर्च्याच मांडल्या होत्या, हा दाखला समितीला आवडेल.

समितीच्या हातात सगळं नाही, हेही मुलीला कळू द्या. असल्या बदलाला चर्चच्या कोर्टाची परवानगी लागते. अर्जाची सूचना दारावर २८ दिवस लावतात आणि त्या पॅरिशमध्ये राहणाऱ्या कोणालाही, तो कुठल्याही धर्माचा असो, हरकत घेता येते. २०१२ च्या डफिल्ड चर्चच्या निकालापासून न्यायाधीश काही ठरावीक प्रश्न विचारतात: या बदलाने इमारतीच्या महत्त्वाला धक्का बसतो का, किती मोठा, आणि त्याबदल्यात लोकांचा फायदा तेवढा आहे का. डफिल्डचा वाद व्हिक्टोरियन काळातल्या एका लाकडी पडद्याचाच होता, आणि तो हलवायला अखेर परवानगी मिळाली. तेव्हा ‘काही करूच नका’ अशी हरकत टिकत नाही. ‘हे ठेवा, ते काढा’ अशी टिकते.

समितीच्या बैठकीत एक प्रश्न मात्र तिने विचारलाच पाहिजे: बाकांच्या खाली काय आहे? बाकं फरशीवर नसतात. ती लाकडी फळ्यांच्या ओट्यावर असतात. खाली कड्या, त्याखाली पोकळी, आणि हवा खेळायला भिंतीत जाळीची भोकं. मागाहून बाहेरची माती चढते, भोकं बुजतात आणि कड्या सडतात. बाकं काढली की ओटा, मधली फरशी आणि खांबांचे पाय अशा तीन पातळ्या उघड्या पडतात. मग ठेकेदार म्हणतो, सगळं उकरून काँक्रीटचा कोबा करू, एकदाच काय ते. तिथे थांबवायचं. काँक्रीटमधून जमिनीची ओल वर येत नाही, म्हणून ती बाजूला सरकते आणि भिंतींत, खांबांत चढते. चार-पाच वर्षांत खांबांचा तळचा दगड पापुद्रे सोडायला लागतो. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नकाशावर ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद नि काँक्रीट लिहिलेलं दिसलं की बाकीचा नकाशा वाचायच्या आधीच विचारतो. त्याऐवजी चुन्याचं काँक्रीट, खाली फुगीव काचेच्या किंवा भाजक्या मातीच्या खड्यांचा थर, वर दगडी लाद्या. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्या असतील तरी याच थरात टाकता येतात, आणि बिडाच्या जुन्या जाळ्या आहेत तिथेच राहतात. खर्च जास्त, सुकायला वेळही जास्त. मूळ अंदाजपत्रकात हा आकडा आहे का, आणि याच जागी आधी जुनं चर्च उभं होतं का, हे तिने लेखी विचारावं. तसं असलं तर खाली जुनी थडगी निघू शकतात, आणि मग खणण्याआधी पुरातत्त्वाच्या माणसाचा खर्चही धरावा लागतो.